आणखी काही आदेश?

ज्यांच्या घरचा नळ कधी कोरडा पडला नाही, त्यांनीच हा नियम काढला: पाण्याची तक्रार यापुढे फक्त ईमेलवर. नियम काढताना त्यांना लाज वाटली नाही. तो खिडकीतून ऐकवताना पाणीखात्याच्या कारकुनालाही वाटली नाही. लाँड्रीवाली त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून तोंडानं सांगत होती, त्याला धडधडीत ऐकू येत होतं. तरी म्हणाला, तोंडी चालत नाही. तिच्यामागे खालच्या गल्लीतली एक बाई रिकामा कॅन घेऊन उभी होती. तिच्याकडे तर फोनच नव्हता. तिला त्यानं नुसत्या मानेनं वाटेला लावलं.

लाँड्रीवालीनं भिंतीवरच्या पाटीवरून सगळं नीट उतरवून घेतलं. वरचा हुद्दा, खालचा ईमेलचा पत्ता. लाँड्रीत चादरींचा ढीग छताला लागायला आला होता. हॉटेलच्या मॅनेजरनं सकाळीच निरोप धाडला होता की परवापर्यंत चादरी आल्या नाहीत तर काम दुसरीकडे देतो. हॉटेल गेलं की लाँड्रीला कुलूप, हे कळायला ज्योतिषी नको होता.

फोनवर नवा ईमेल काढायला मदतीला नणंदबाई बसल्या. त्या एका कारखान्याच्या टपाल विभागातून निवृत्त झालेल्या. जन्मभर पाकिटांवर नावं-पत्ते घातलेले, त्यामुळे पत्रव्यवहारात त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत. फोननं आधी नाव विचारलं, मग आडनाव. नणंदबाईंनी पाकिटावर घालतात तसं झरझर घालून टाकलं आणि वहिनीला म्हणाल्या, पुढचं वाचा.

पुढे फोननं छळ मांडला. पासवर्ड हवा म्हणाला. लाँड्रीवालीनं मोठ्या प्रेमानं नणंदेचं नाव घातलं. फोन म्हणाला, कमकुवत. नणंदबाईंनी फोनकडे पाठ फिरवली. मग लाँड्रीवालीनं कारकुनाला द्यायची राहून गेलेली शिवी घातली आणि तिला दोन आकडे जोडले. फोन म्हणाला, मजबूत. त्यानंतर त्याला शंका आली की ही बाई माणूस आहे की यंत्र. ज्या चित्रांत पाण्याचा नळ आहे ती निवडा, म्हणाला. तिनं तीनदा निवडली, तीनदा नापास झाली. एकाही नळाला पाणी नव्हतं, मग ओळखायचे तरी कसे, असं ती करवादली.

तक्रार लिहायची वेळ आली तेव्हा नणंदबाईंनी सुरुवात सांगितली, सविनय विनंती. लाँड्रीवालीनं ती लिहिली, वाचली आणि पुसून टाकली. मग जे मनात होतं तेच लिहिलं. लाँड्रीच्या गल्लीतला पाइप फुटलाय. तोंडी सांगून झालं, तुम्ही कान झाडून बसलात. उद्या सकाळी माणसं येऊन काम झालं पाहिजे. नाही झालं तर मी स्वतः तिथं येईन आणि एकेकाला खुर्चीवरून उठवीन. खाली सही कुठं करायची ते दोघींनाही सापडलं नाही. ती राहिली.

ईमेल काही जाईना. नुसतं चाक फिरत होतं. फोन बंद करून झाला, चालू करून झाला, पालथ्या टबावर चढून हात वर धरून झाला. दोघींनी हात टेकले. तेवढ्यात फोनच्या वरच्या कोपऱ्यात बारकंसं विमान दिसलं. ते मघाशी नणंदबाईंच्याच अंगठ्यानं दाबलं गेलं होतं. ते बंद केलं आणि ईमेल सुटला.

सकाळी दाराशी खात्याची गाडी. कुदळी, फावडी, फिटर, आणि चिखलात चक्क तो खिडकीतला कारकून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. गल्ली खणली, सांधा बदलला. लाँड्रीतल्या नळानं दोनदा खाकरून धार सोडली. नणंदबाईंनी पदर असा काही सावरला, जणू पाइप त्यांनीच जोडला होता.

"माझा ईमेल वाचलात तर," लाँड्रीवाली म्हणाली.

"तुमचा कसला बाई? लोकांचे ईमेल आम्ही उघडतसुद्धा नाही," कारकून घाम पुसत म्हणाला. "मोठ्या साहेबांचा हुकूम आला. हे बघा."

त्यानं फोन पुढे केला. वर ठळक अक्षरांत होतं, मुख्य अभियंता. खाली तिचंच पत्र होतं. खुर्चीवरून उठवण्यासकट.

नणंदबाईंचा चेहरा उतरला. पाकिटावर नाव घालायचं ते ज्याला पाठवायचं त्याचं, हे त्यांना जन्मभर ठाऊक होतं. पाठवणाऱ्याचं नाव कुणी आधी विचारतं का? त्यांनी पाटीवरचा हुद्दाच घातला होता, नावात मुख्य, आडनावात अभियंता. त्या खरं सांगायला तोंड उघडणार, तोच लाँड्रीवालीनं त्यांच्या पायावर पाय दिला.

"तुम्हाला खरंच वाटलं, साहेबांनीच लिहिलंय?"

"न वाटायला काय झालं?" कारकून म्हणाला. "भाषा बघा ना. आमच्याशी दुसरं कोण असं बोलतं?"

त्यानं धार वाहत्या नळाचा फोटो काढला, काहीतरी टाइप केलं आणि गाडीत बसला. गाडी वळते न वळते तोच लाँड्रीवालीच्या कमरेला खोचलेला फोन थरथरला. साहेब, काम पूर्ण. आणखी काही आदेश?

टब भरत होता. पहिल्या चादरी भिजत पडल्या होत्या. नणंदबाई ओशाळून म्हणाल्या, "वहिनी, नाव बदलता येतं हो. तिथं पेन्सिलीचं चित्र असतं, ते दाबायचं."

"राहू द्या वन्सं. पेन्सिलीला हात लावू नका."

तिला तो रिकामा कॅन आठवला. तिनं ओले हात चादरीला पुसले आणि या वेळी कुणालाही न विचारता एका बोटानं टाइप केलं:

खालच्या गल्लीत अजून थेंब नाही. का नाही? दुपारच्या आत उत्तर द्या.