कोरड्यात हा, पावसात तो

आमच्या मोटरसायकलचे टायर टकलासारखे गुळगुळीत झाले, तेव्हा मी ह्यांना बजावलं, "नवे टायर टाकल्याशिवाय मी मागे बसणार नाही." त्याला आता चार महिने झाले. मी रोज बसमध्ये धक्के खात कामाला जाते आणि हे दर शनिवारी टायरवाल्याकडे जाऊन हात हलवत परत येतात. एक टायर कोरड्या रस्त्याला घट्ट धरतो पण पावसात दगा देतो, दुसरा पावसात मस्त चालतो पण उन्हात लवकर झिजतो. पुढच्या चाकाला कुठला, हेच ह्यांचं काही केल्या ठरत नाही.

शेवटी परवा मीच सोबत गेले. टायरवाल्या काकांनी अर्धा तास रबर दाबून, खाचांत नख घालून दोन्ही टायर इतके छान समजावले, की माझंही डोकं भणभणलं.

"ते राहू द्या काका," मी म्हटलं. "तुमच्या स्वतःच्या गाडीला कुठला बसवलाय तेवढं सांगा. डोळे झाकून तोच घेतो."

काका हातातला टायर खाली ठेवून उठले. मग त्यांनी मागचा पडदा सरकवला. आत त्यांची मोटरसायकल विटांवर उभी होती. चाकांना टायरच नव्हते आणि सीटवर बोटभर धूळ.

"अकरा वर्षं झाली, ताई," ते हळूच म्हणाले. "मी चालतच येतो."

ह्यांना दंडाला धरून घरी न्यावं म्हणून मी वळले.

हे स्टूल ओढून काकांशेजारी बसले होते. "तुमचंही पुढच्या चाकावरच अडलंय का हो?"