बंद खोक्यांचं घर

"एकही खोकं फोडायचं नाही," गुरुजी म्हणाला. "फोडलं की सगळी मजा गेली."

टेम्पोवाल्या मामांनी शेवटचं खोकं गोदामाच्या फरशीवर टेकवलं आणि ते कंबर धरून उभे राहिले. समोर खोक्यांचा ढीग. सगळी कोरी, चिकटपट्टीसुद्धा न निघालेली. दोन-दोन खोकी हिरव्या लोकरीने एकत्र बांधलेली आणि वर सुरगाठ.

गुरुजी हा काही कुणाचा गुरुजी नव्हता. चहाच्या कपावरूनही प्रवचन झोडायची त्याला सवय, म्हणून 'पुरे' या कलाकारांच्या गटाने हे नाव त्याला चिकटवलं होतं. लोकांनी हौसेने घेतलेल्या आणि मग नकोशा झालेल्या वस्तू गोळा करायच्या, त्यांची मांडणी करायची आणि बघणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटायला लावायची, हा गटाचा उद्योग. वस्तू कुणाची हे मामांना विचारायचं नाही, मामांनीही सांगायचं नाही. पत्त्याच्या चिठ्ठ्या ते आधीच खरवडून टाकत. दोष एकट्यादुकट्याचा नाही, सगळ्यांचा आहे, असं गुरुजीचं म्हणणं. नियम त्यानेच घातलेला.

"काय बाई असेल!" गटातली शिल्पकारीण म्हणाली. "घेत सुटली आणि एकही उघडलं नाही."

"बाई कशावरून?" गुरुजीने विचारलं.

"गाठी बघ ना किती नीट मारल्यात. तू मारली असतीस का?"

"गेली असणार बिचारी," गटातला सुतार म्हणाला. "जिवंतपणी कोण एवढं उचलून देतंय?"

मामा टेम्पोची चावी बोटाभोवती फिरवत राहिले.

हळूहळू खोली उभी राहिली. खोक्यांच्याच भिंती, खोक्यांचाच पलंग, मधोमध एक जुनी खुर्ची आणि खुर्चीशेजारी फोन. बाहेरून बटण दाबलं की फोन वाजणार आणि उचलला की आवाज येणार, "पार्सल पोहोचलं का?" आवाज गुरुजीचा. रेडिओवर शोभेल असा गळा गटात त्याचाच होता. त्याने ते वाक्य पहिल्याच फटक्यात म्हटलं.

"जन्मभर हेच करत आलायस जणू," सुतार हसला.

पण त्या खोलीत काम करणं जड जाऊ लागलं. दिवे जोडताना गुरुजीला वाटे, मागे खुर्चीत कुणीतरी बसलंय आणि आपल्या पाठीकडे बघतंय. रागाने नाही. नुसतंच वाट बघितल्यासारखं. तेच जास्त वाईट होतं. तो वळून बघे, तर रिकामी खुर्ची. शिल्पकारीण एकटी आत जाईना. एकदा बटण न दाबताच फोन वाजला, तेव्हा "वायर सैल असेल" म्हणून सुतार जो बाहेर पडला, तो चहा गार होऊन गेला तरी फिरकला नाही.

गुरुजी घाबरला होता, आणि ते कबूल करायचीही त्याला भीती वाटत होती. ती कोण होती हे कळल्याशिवाय त्याला चैन पडेना.

"मामा, खरं सांगा. कोण होती ती?"

"ऐकून काय करणार? नियम तुमचाच."

तसाच बाहेर जाऊन त्याने आईला फोन लावला. कुणातरी माणसाचा आवाज कानावर पडावा, एवढंच त्याला हवं होतं.

"बरी आहेस ना? पाठवलेला गुडघ्याचा पट्टा मिळाला?"

"मिळाला रे. छान आहे. तू कधी येतोस?"

"हे प्रदर्शन उरकलं की लगेच."

"तुझी खोली मोकळी करून ठेवलीय. आता पाय पसरून झोपता येईल तुला."

"बरं, बरं. तूच ये ना उद्घाटनाला. गाडी पाठवतो."

"गाडी नको पाठवूस. काही पाठवू नकोस. तुझा स्वेटर विणून झालाय, तो घेऊन येते."

उद्घाटनाला गोदाम भरून गेलं. लोक रांगेने आत जात, फोन उचलत, आवाज ऐकून हसत आणि बाहेर येताना मात्र एकमेकांची नजर चुकवत. गुरुजी खोलीच्या दाराशी माइक घेऊन रंगात आला होता.

"ही बाई आपण कधी पाहिली नाही," तो म्हणाला, "पण ओळखतो आपण तिला. तिला वस्तू हव्या होत्या. माणसं नको होती."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात आई आली. खांद्याला कापडी पिशवी, गुडघ्यावर हात. मामांनी पुढे होऊन तिला हात दिला आणि "बसा हं सावकाश," म्हणाले. गुरुजीने लांबूनच मान हलवली. भाषण अजून बाकी होतं.

आई खोलीत गेली. इतरांसारखी ती चकित झाली नाही. एका खोक्यावरची गाठ सैल झाली होती, ती तिने ओढून घट्ट केली. मग खुर्चीत बसून तिने पिशवीतला स्वेटर काढला आणि मांडीवर पसरला. हिरवा. गुरुजीचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

फोन वाजला. आईने तो उचलला, ऐकला आणि ओळखीचं हसली.

"हो रे, पोहोचलं," ती म्हणाली. "सगळी इथेच आहेत. छान आहेत. तू कधी येतोस?"