जोडीनं वाचन

ऑनलाइन ग्रुपच्या वाढदिवशी जादूच्या एका कादंबरीमालिकेचे वेडे आपापली पहिली पोस्ट शोधून वर आणत होते. चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनीही आपली आणली: 'मालिका पहिल्यांदाच वाचतेय. सोबत कोण?' खाली 'ड्रॅगनताई'चं उत्तर होतं, 'मी आहे ना! मीही नवीनच.'

तेव्हापासून दोघी एकेक प्रकरण जोडीनं वाचत आल्या होत्या. "धाकटा राजपुत्र जगेल ना गं?" असं बाईंनी विचारलं की ताई लिहायची, "काय माहीत बाई, माझाच जीव टांगणीला लागलाय!" सध्या ताई आजारी होती, म्हणून शेवटचा भाग बाईंच्या ड्रॉवरमध्ये तसाच पडून होता. तिच्याशिवाय पान उलटायचं जिवावर येत होतं.

तेवढ्यात कुणीतरी हौसेनं ताईचीही पहिली पोस्ट वर आणली, बाईंच्या पोस्टच्या वर्षभर आधीची:

'अख्खी मालिका तिसऱ्यांदा संपवली. शेवटी धाकटा राजपुत्र मरतो, तिथं याही वेळी ढसाढसा रडले.'