गाणं कुणाचं?

कमळीला सासरी धाडताना जमुनानं लेकीसाठी एक गाणं रचलं होतं. मुंबईचा एक संगीतकार पाड्यावर येऊन ते टेप करून घेऊन गेला आणि वर्षभरात बोईसरच्या टपऱ्याटपऱ्यांवर त्याची कॅसेट वाजू लागली. चाल तीच, कमळीचं नावही तेच. बाकी सगळे शब्द छचोर आणि मध्येमध्ये कुणा बाईचं चेकाळलेलं हसणं.

नकली कॅसेटी पकडायला तो संगीतकार पोलिसांना घेऊन बाजारात आला, तेव्हा जमुना तिथेच भाजी विकत बसली होती. "गाण्याचा मालक मी आहे! ही सरळसरळ चोरी आहे!" तो ओरडत होता.

शेजारच्या चिंधूला राहवलं नाही. "साहेब, गाणं या जमुनाबायचं हाय. आख्खा पाडा साक्ष देईल."

फौजदार तिच्याकडे वळला. "खरं का, बाई? तसं असेल तर कॅसेटवर तुमचं नाव यायला हवं."

संगीतकाराचा चेहरा उतरला. तेवढ्यात टपरीवरच्या कुणीतरी तिथे वाजणाऱ्या गाण्यातल्या कमळीला शीळ घातली.


"नाय साहेब," जमुना पचकन थुंकून म्हणाली, "ही घाण त्याचीच हाय. त्याच्याच नावावर ऱ्हाऊ द्या."