सात खिडक्यांची यादी

"टेपचं टोक चौकटीच्या आतून धरा, ताई. बाहेरून न्हाई," सुदर्शन म्हणाला.

शिवकांतानं टोक आत घेतलं.

दोघंही महादेवप्पांच्या दुकानातल्या एकाच जागेसाठी उदगीरला आले होते. दुकान खिडक्यांना बसवायच्या रोलर पडद्यांचं. मापं घेणारं एक माणूस हवं होतं. अप्पांनी दोघांना एकेक स्टीलची टेप आणि एकेक कागद दिला आणि देगलूर रोडवरच्या या घरी पाठवलं. कागदावर त्यांच्याच अक्षरात यादी होती: बैठक दोन, स्वयंपाकघर एक, मधली खोली दोन, वरची खोली दोन. एकूण सात.

"पडदा कारखान्यातून मापानं कापून येतो," एवढंच अप्पा म्हणाले होते. "एकदा कापला की माघारी जात न्हाई."

सुदर्शन नांदेडच्या एका दुकानात आठ वर्षं हेच काम करत होता. गाव मात्र उदगीरपासून आठ किलोमीटरवर. उन्हाळ्यात त्याचे वडील अर्धांगानं आडवे झाले. तेव्हापासून त्याची बायको उज्वला एकटीच त्यांना उठवत-बसवत होती. तो शनिवारी एसटीनं यायचा आणि रविवारी परत जायचा. ही जागा मिळाली तर रोज घरी जाता येणार होतं.

शिवकांता चाकूरची. दहा वर्षं ब्लाउज शिवत होती. पर्समध्ये तिनं स्वतःची कापडी टेपही आणली होती.

"ती ठेवा आत," सुदर्शन हसला. "कापडी टेप ताणली की वाढती. ब्लाउजला चालतंय, खिडकीला न्हाई."

"ब्लाउजला बी चालत न्हाई, दादा. बायका तोंडावर फेकून मारतात."

बैठकीत शेंगा फोडत बसलेली म्हातारी नागम्मा खुदकन हसली. चहा तिनंच दिला होता.

सुदर्शननं शिवकांताला पहिली खिडकी मोजून दाखवली. रुंदी वर घ्यायची, मध्ये घ्यायची, खाली घ्यायची. तिन्हींत जी कमी, ती लिहायची. मग कोनाकोनी टेप धरायची. दोन्ही तिरपी मापं सारखी आली तर चौकट सरळ, न्हाईतर गवंडी डुलक्या घेत होता असं समजायचं.

"एकाच खिडकीला तीन रुंद्या कशा?" तिनं विचारलं.

"हातानं बांधलेली भिंत हाय. थोडी इकडं, थोडी तिकडं."

"तुम्ही मला शिकवून राहिलात. मग तुमची जागा जाईल की."

"जाऊ द्या. माप तर नीट येईल."

"दोघं मिळून एकच खिडकी मोजून राहिलात," नागम्मा म्हणाली. "सात व्हायला दिवाळी उजाडंल."

मग त्यांनी खोल्या वेगवेगळ्या घेतल्या. शिवकांता मधल्या खोलीत असताना सुदर्शन जिना चढला. वरची खोली लहान होती. पलंग, लोखंडी कपाट, खुंटीला छत्री. त्याला खाली यायला फार वेळ लागला नाही. त्याच्या कागदावर सातही ओळी भरल्या होत्या, अक्षर रेखीव.

शिवकांता वर गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा तिच्या केसांत जाळं अडकलं होतं.

"एक सापडली, दादा. दुसरी कुठंय?"

"कपाटामागं हाय की. फटीतून हात घालून टेप सरकवावी लागती. सवयीचं काम हाय."

"माझा हात पोचंना. कपाट लई जड, हालतच न्हाई."

सुदर्शननं तिच्याकडं पाहिलं. मग आपला कागद पुढं केला. "घ्या, यावरून लिहा. सत्तेचाळीस इंच अन् दोन सूत. तुमची बी यादी पुरी होईल."

तिनं पेन्सिल टेकवली आणि पुन्हा उचलली.

"ते तुमचं माप हाय. उद्या पडदा बसला न्हाई तर मी काय सांगू?"

"मोकळी ओळ बघून अप्पा काय म्हणतील?"

"म्हणतील, बाईला खिडकी सापडली न्हाई. खरंच हाय ते."

रिक्षात बसण्याआधी सुदर्शननं उज्वलाला फोन लावला. "आज काम होतंय, बघ. बाबांना सांग."

दुकानात अप्पांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. शिवकांताच्या कागदावर खाडाखोड होती. प्रत्येक खिडकीला तीन-तीन आकडे, त्यांतल्या एकाभोवती गोल. सातवी ओळ रिकामी.

"ही का राहिली, बाई?"

"सापडली न्हाई, अप्पा." तिची मान खाली गेली.

"कपाटामागं होती," सुदर्शन मध्येच म्हणाला. "त्यांचा हात पोचला न्हाई. नवीन हायेत, शिकतील. बाकीची मापं चांगली घेतलीत त्यांनी."

"तुझा पोचला?"

"पोचला की. सत्तेचाळीस अन् दोन सूत."

"तीन ठिकाणी घेतलंस?"

"वर, मध्ये, खाली. आठ वर्षं हेच करून राहिलो, अप्पा."

अप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. सुदर्शनचा कागद त्यांनी घडी घालून त्याला परत दिला.

"सोमवारपासून या, बाई," ते शिवकांताला म्हणाले.

सुदर्शन उठून उभा राहिला. "अप्पा, त्यांची तर एक खिडकी राहिली!"

"त्या वरच्या खोलीत मी चाळीस वर्षं झोपतोय, सुदर्शन," अप्पा म्हणाले. "तिला खिडकी एकच हाय."