आधी दुखरा हात

"आधी दुखरा हात," बायको म्हणाली. "रोज तेच सांगायचं का?"

त्याने बाहीत घातलेला चांगला हात परत बाहेर काढला. बायकोने शर्टाची उजवी बाही मोज्यासारखी गोळा केली आणि त्याच्या उजव्या हातावरून हळूहळू वर चढवली. खांद्यापाशी आल्यावर त्याने दात आवळले. मग डावा हात. बटणंही तिनेच लावली.

"आता तो पट्टा अडकवा गळ्यात."

"आज नको."

"अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय..."

"आज नको म्हटलं ना. आल्या आल्या आधी तेच दिसेल तिला."

लेक दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन पहिल्यांदाच येत होती. तिचे दिवस भरत आले होते, तेव्हाच त्याचा खांदा गेला. तो लोकांचं घरसामान हलवण्याचं काम करायचा. जिन्यात फ्रिज घसरला आणि त्याने तो एकट्याने अंगावर घेतला. फ्रिजला ओरखडाही आला नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत कपाटंच्या कपाटं पाठीवर घेऊन चढायचा, म्हणून सोबतचे त्याला 'लिफ्ट' म्हणत. दवाखान्यात भेटायला आले तेव्हा "लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा," म्हणून हसले. तोही हसला.

सगळ्यांना कळलं, लेकीला मात्र त्याने कळू दिलं नाही. बाळंतिणीच्या जिवाला घोर नको. बायको बाळंतपणासाठी तिच्याकडे जायची होती, तेही राहिलं. त्याला एकट्याला शर्ट चढवता येत नव्हता, भाकरी मोडता येत नव्हती, रात्री पाठीशी उशा रचून बसल्या बसल्या झोपावं लागत होतं. "आईला ताप आहे," असं त्याने फोनवर सांगून टाकलं.

बेल वाजली. त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून पँटच्या खिशात ठेवला.

लेक वाळली होती. पिशवी दारातच टाकून ती सरळ त्याच्यापाशी आली आणि बाळ पुढे केलं. "घ्या बाबा. तुमची नात."

"असू दे. झोप मोडेल."

"जागीच आहे ती."

"माझे हात खरखरीत आहेत गं. आईकडे दे."

लेक क्षणभर बाळ तसंच पुढे धरून उभी राहिली. मग वळली, बाळाला पलंगावर ठेवलं आणि आईमागोमाग स्वयंपाकघरात गेली.

दार उघडंच होतं.

"तसेच आहेत अजून. मला वाटलं होतं, निदान हिला तरी घेतील." लेकीचा आवाज आला. "आणि तुला खरंच ताप होता का गं? का त्यांनीच सोडलं नाही तुला?"

नळ सुरू झाला. एकच भांडं पुन्हा पुन्हा विसळलं जात होतं.

तो बाहेरच्या खोलीत ऐकत उभा होता. तिचं काय चुकलं? लोक घरं बदलतात ती सुट्टीच्या दिवशी. लेक रांगायला लागली, बोलायला लागली, हे त्याला बायकोकडूनच कळलं होतं. तो घरी यायचा तेव्हा ती झोपलेली असायची. तिला उठवू नये, एवढंच तो पाळत आला होता.

पलंगावर बाळ कुरकुरलं. मग रडू लागलं. आत नळाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. तो वाकला. डावा हात बाळाच्या मानेखाली घातला, उजवा ओढून पाठीखाली सरकवला आणि उचलायला गेला. खांद्यातून सणसणून कळ गेली. तो जमिनीवर बसला. बाळ होतं तिथेच होतं. त्याने पलंगाच्या कडेला गाल टेकवला.

"थांब गं बये," तो कुजबुजला. "तुझी आई येईलच आता."

"बाबा? खाली का बसलात?" लेक दारात उभी होती.

तो उठू लागला. उजवा हात ओल्या टॉवेलसारखा लोंबत राहिला.

"आई, ह्यांच्या हाताला काय झालंय?"

बायको पदराला हात पुसत आली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "खांद्यातला स्नायू फाटला होता. तू बाळंत झालीस त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. तुला सांगायचं नाही, अशी ह्यांनी मला शपथ घातली होती."

"म्हणून आली नाहीस तू."

"म्हणून."

लेकीने बाळाला उचललं, थोपटलं. मग म्हणाली, "सांगितलं असतंत तर रडले असते, बाबा. तेवढंच. त्याऐवजी दोन महिने तुमच्यावर डूख धरून बसले."



तिने त्याला भिंतीला टेकून बसवलं. एक उशी मांडीवर ठेवली, एक दुखऱ्या हाताखाली. मग बाळ त्याच्या डाव्या हाताच्या कुशीत दिलं. "मान सांभाळा."

"तू एवढी होतीस," तो म्हणाला, "तेव्हा माझे दोन्ही हात धड होते."

जाऊ द्या, असं ती म्हणाली नाही. उशी नीट करत राहिली. मग त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता, डावा हात लाकडासारखा ताठ झाला होता.

"जड होतेय का? घेऊ?"

"जड नाही गं," तो म्हणाला. "जड असती तर जमलं असतं मला. हलकं काही कधी उचललंच नाही."