घरचा काटा

टेबलाच्या खालच्या खणात बिस्किटांचे अडीच पुडे, चॉकलेटच्या तीन वड्या, केकचा एक तुकडा आणि खारवलेल्या काजूंचं एक पाकीट होतं. सोमवारी सकाळी याच्या दुप्पट माल होता आणि आज बुधवार होता. त्याने केक संपवला, तोंड पुसलं, वर बाटलीभर पाणी प्यायलं आणि खणाला कुलूप लावलं.

पार्सलांच्या गोदामाचा तो व्यवस्थापक होता. काचेपलीकडे काट्यावर खोकी चढत-उतरत होती. तेवढ्यात फोन वाजला. घरच्यांच्या ग्रुपवर मुलीने या बुधवारचा आकडा टाकला होता : ७१.४. त्याखाली सतरा अंगठे आणि मेहुण्याचा मेसेज : 'भावजी, कमाल केलीत! रविवारी आम्ही सगळे येतोय. मलाही पोट उतरवायचंय, तुम्ही कसं जमवलंत ते शिकवा.'

त्याने फोन पालथा ठेवला.

सहा महिन्यांपूर्वी तो चौऱ्याऐंशी किलोचा होता. "साखर काठावर आहे," डॉक्टर म्हणाले होते. "बारा किलो उतरवा, नाहीतर वडिलांच्या वाटेने जाल." वडिलांचा उजवा पाय साखरेपायी गुडघ्याखालून गेला होता. त्यांची चाकांची खुर्ची त्याच्याच घरात, जेवणाच्या टेबलाशेजारी असे. त्या रात्री त्याने बायकोला शब्द दिला. दुसऱ्या दिवशी मुलीने वजनकाटा आणला.

पंधरा दिवस तो इमानदारीत चालला. मग नव्या बुटाने टाच सोलली आणि आयतं निमित्त मिळालं. बूट बदलले तरी टाच काही भरेना, तेव्हा निमित्तही टिकलं. सकाळी तो बागेपर्यंत जाई, बाकावर डुलकी काढी आणि तोंडावर नळाचं पाणी मारून घामाघूम होऊन परतत असे. घरी वाफवलेल्या भाज्या, ऑफिसात खण. दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. आणि भूक तरी कसली, खावं तितकी वाढणारी.

तरी आकडा उतरतच होता.

कोडं सुटायला दोन महिने लागले. एकदा तो लवकर घरी आला, तेव्हा मुलगी काटा मांडीवर पालथा घेऊन बसली होती. हातात स्क्रूड्रायव्हर.

"सेल बदलतेय, बाबा," ती म्हणाली. जरा घाईनेच म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात बायको शिलाई मशीनवर त्याची पँट घेऊन बसलेली दिसली. त्याला पाहताच तिने ती कापडाखाली सारली. "काही नाही हो, शिवण उसवली होती."

ताळा जुळला. पँटी ढगळ का होतात, तेही कळलं. काटा लेकीने खाली आणला होता, कंबर बायकोने सैल केली होती. का, तर माणसाचा हुरूप टिकावा! त्याला आधी हसू आलं, मग गलबलून आलं आणि शेवटी दार बाहेरून बंद झाल्यासारखं वाटलं. आपण खातो हे सांगावं, तर त्यांचं नाटक उघडं पडणार. नाटक ओळखलं म्हणावं, तर खण उघडा पडणार. रक्त तपासायची तारीखही त्याने तीनदा पुढे ढकलली होती. घरच्या काट्याला फितवता येतं, रक्त काढणाऱ्या सुईला कोण फितवणार?

बुधवारी रात्री टेबलावर दुधी होता.

"अहो, तुमच्या उरलेल्या जुन्या पँटी आज देऊन टाकल्या," बायको म्हणाली. "आता परतीचा रस्ता बंद."

नाटक वठवावं तर हिने, त्याच्या मनात आलं. तो नुसता हसला आणि तिसरा पेला भरला.

"किती रे तहान तुला?" वडील खुर्चीतून त्याच्याकडे बघत म्हणाले. "रात्रभर बाथरूमचा दिवा चालू-बंद. माझी झोपमोड होते."

"आजोबा, टोकू नका हं," मुलगी म्हणाली. "एक पाण्याचा नियम बाबा मनापासून पाळतात."

"एकच?" बायकोने डोळे वटारले. "सगळेच पाळतात. रविवारी सांगणार आहेत ना सगळ्यांना."

टेबल, भिंत आणि चाकांची खुर्ची यांच्यामध्ये त्याची खुर्ची होती. कुणीतरी हलल्याशिवाय त्याला उठता येत नव्हतं.

पहाटेपर्यंत त्याने ठरवलं. रविवारी सगळं कबूल करायचं. त्याआधी खरा आकडा हवा. शहाऐंशी? अठ्ठ्याऐंशी? जो असेल तो सगळ्यांसमोर सांगायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पायावर पाणी सोडायचं नव्हतं त्याला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तो गोदामातल्या काट्यापाशी गेला. तिथल्या माणसाला सगळे पैलवान म्हणत, कारण तो गोदामात सगळ्यात काडी होता.

"साहेब, तुम्हाला कुठे पाठवायचं?" पैलवान म्हणाला. "वर 'नाजूक माल' असं लिहू?"

"आधी काटा तपास."

"सकाळीच तपासलाय."

"माझ्यासमोर तपास."

पैलवानाने वीस किलोचं लोखंडी वजन ठेवलं. पाटीवर वीस आले. दुसरं ठेवलं, चाळीस आले. "सोनाराने घेऊन जावा असा काटा आहे, साहेब. इकडे थापा चालत नाहीत."

"म्हणून तर आलोय."

त्याने बूट काढले. टाचेला मोजा चिकटला होता, तो तसाच राहू दिला. काट्यावर उभं राहून त्याने डोळे मिटले. रविवारचं पहिलं वाक्य मनात जुळवून झालं होतं : 'मी तुम्हाला फसवलं, आणि तुम्ही मला.' सहा महिन्यांत पहिल्यांदा छाती मोकळी वाटत होती.

"वाच," तो म्हणाला. "मोठ्याने वाच. लाजू नकोस."

पैलवान पाटीवर वाकला.

"एकाहत्तर किलो चारशे ग्रॅम."